रिकाम्या शाळेवरचे निशाण

जर्मनीतील उल्म शहराजवळच्या हेर्लिंगेन गावी आन्ना एसिंगर या ज्यू बाईंनी १९२६ साली निवासी शाळा काढली. मुले त्यांना ‘टान्टे आन्ना’, म्हणजे आन्नामावशी म्हणत. १९३३ च्या एप्रिलात हुकूम आला, शाळेवर नाझींचे स्वस्तिकाचे निशाण लावा. (कोकणात शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर आपण शुभ म्हणून पाहिलेले हे चिन्ह!) बाईंनी हुकूम मोडला नाही. त्या दिवशी सगळ्या मुलांना घेऊन त्या सहलीला गेल्या आणि निशाण रिकाम्या इमारतीवर फडकत राहिले. नागरिकशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात हा धडा सापडेल?

त्याच वर्षी, कोणाला संशय येऊ नये म्हणून निरनिराळ्या गटांनी, सुमारे ६५ मुले इंग्लंडात केंट परगण्यातील बन्स कोर्टला पोचली. पैशाची ओढाताण फार. तेव्हा मळा, स्वयंपाकघर, डागडुजी यांत मुलांनीच हात घातला. परमुलखात बिऱ्हाड मांडलेल्या आपल्या कुटुंबांना हे शिक्षण वेगळे समजावून सांगायला नको.

१९४८ साली शाळा बंद झाली. तोवर नऊशेवर मुले तेथे वाढली. १९३९ साली बर्लिनहून एकटे आलेले, पुढे नामांकित चित्रकार झालेले फ्रँक आउअरबाख त्यांतलेच. त्यांचे आईवडील मागे राहिले ते पुन्हा भेटले नाहीत. नाझींनी त्यांना ठार केले.