इंची बोल्ट

इतिहास शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. मराठे पानिपतावर का हरले, पेशवाई का बुडाली, याची पाच-पाच कारणे फळ्यावर लिहून हाताला घट्टे पडले. पण आपल्याच घरात घडलेल्या एका गोष्टीचे कारण आपण कधी तपासून पाहिले नाही, हे निवृत्त होईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. ती गोष्ट आमच्या कोल्हापूरच्या घराच्या परसात, पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांखाली उभी होती.

ती म्हणजे आमची मोटार. एम. जी. कंपनीची, टी. सी. जातीची. लांबट नाक, कापडी छप्पर, सायकलीसारखी तारांची चाके. आजोबांनी ती 1957 साली मुंबईत, मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली. घरात माणसे नऊ आणि गाडीत जागा दोन! आजी जन्मभर तिला ‘सवत’ म्हणत असे.

आता घरातला इतिहास ऐका. 1974 च्या उन्हाळ्यात काका ही गाडी घेऊन रत्नागिरीला निघाले. आंबा घाटात इंजिनाचा कनेक्टिंग रॉड सुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत काकांना म्हणाले, “गाडी मारलीस तू. मस्तीत हाणलीस.” काका काही बोलले नाहीत. वर्षभरात त्यांनी मिरजेला बिऱ्हाड केले. त्यानंतर दोघे भाऊ लग्नाकार्यात एका पंगतीला बसत. बोलत मात्र नसत. काकांनी गाडी बेफाम हाकली, हे आमच्या घरात पानिपताइतकेच पक्के झाले.

पुढे आबांनी तिच्यात अँबॅसडरचे इंजिन बसवले. त्यावर ती 1991 पर्यंत धावली आणि मग शेडमध्ये गेली.

2021 साली सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. माझी मुलगी यंत्रशास्त्राची पदवीधर. तिने तो नियम वाचला आणि पुढल्या पावसाळ्यात शेडचे कुलूप काढले.

“बाबा, आधी परीक्षा, मग खर्च,” असे बजावून तिने कामाला सुरुवात केली. दोरी धरून चॅसीचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले, म्हणजे सांगाडा वाकलेला नव्हता. मग पत्र्यावरून लोहचुंबक फिरवला. जिथे तो चिकटेना तिथे रंगाखाली पुट्टी. शेवटी पेचकस घेऊन लाकूड टोचले. होय, लाकूडच! या गाडीचा पत्रा अ‍ॅश झाडाच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. दारांच्या खांबांत पेचकस लोण्यात सुरी जावी तसा गेला. आमच्या सुताराने ते खांब जुन्या सागवानात पुन्हा घडवले. सौभाग्यवतींनी खर्चाची वही घातली आणि आठ दिवसांनी ती मला दाखवायचे बंद केले.

माझ्या वाट्याला कागदपत्रे आली. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसची पेढी. तिचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या गाड्यांना चपळ अंगे चढवून विकायला प्रारंभ केला. 1929 साली कारखाना अ‍ॅबिंग्डन गावी, एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेत गेला. 1941 साली किंबरला कंपनी सोडावी लागली आणि फेब्रुवारी 1945 मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात तो गेला. त्याच वर्षी युद्ध संपल्यावर टी. सी. बाहेर पडली. ज्याने हे घराणे स्थापले, त्याला ती पाहता आली नाही.

1949 पर्यंत अशा 10,000 गाड्या झाल्या. पहिलीचा क्रमांक 1 नव्हे, 251. का? तर अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन क्रमांक 251 होता! म्हणजे चॅसीवरच्या आकड्यातून अडीचशे वजा केले की गाडी कितवी ते कळते. आमची निघाली पाच हजारांच्या घरातली, 1948 सालची. तो कारखाना 1980 साली बंद झाला.

खरा तंटा इंजिनावरून झाला. मुलीचे म्हणणे, मूळ 1,250 सी. सी. चे इंजिन परत बसवायचे. आबा चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावर, ते उसळले. “ज्या इंजिनानं सोळा वर्षं तुमची ओझी वाहिली, ते आता परकं व्हय?” मला त्यांची बाजू पटत होती. अँबॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्डच. तिच्या 1,489 सी. सी. इंजिनाच्या जातीचेच इंजिन 1955 साली खुद्द एम. जी. च्या एम. जी. ए. गाडीत बसले होते. मी हे सांगताच आबांची कळी खुलली. पण मुलगी ऐकेना. “आबा, निदान जुनं इंजिन उघडून तर बघू.”

फुटलेले इंजिन आबांनी पोत्यात बांधून ठेवले होते. आम्ही ते शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे नेले. ब्लॉकचे भोक पाहून ते म्हणाले, “बिडाचं काम हाय. पॅच बसवून कडेनं टाचता येतंय.” मग त्यांनी एक बोल्ट काढायला घेतला आणि थबकले. बोल्टाच्या डोक्याला विलायती व्हिटवर्थचा पाना बसत होता, पण आटे मिलीमीटरचे होते.

याचे कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन येतील या धास्तीने हॉचकिस ही फ्रेंच शस्त्र-कंपनी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आली. युद्ध संपल्यावर ती मॉरिससाठी इंजिने करू लागली आणि 1923 मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे फ्रेंच. पण गॅरेजांतले पाने इंग्रजी, म्हणून डोकी इंग्रजी. पंचवीस वर्षांनीही ती चाल मोडली नव्हती. गंमत म्हणजे पाच सोळांश इंच आणि आठ मिलीमीटर यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. एकाच्या जागी दुसरा बोल्ट जोर लावला तर जातोसुद्धा. गेला, एवढेच, धरत नाही.

मुलीने सुटलेल्या रॉडचे दोन्ही बोल्ट आट्यांच्या गेजवर धरले. एक मिलीमीटरचा. दुसरा इंची. ज्या भोकात तो बसवला होता तिथले आटे सोलवटून गेले होते. मिस्त्री म्हणाले, “वेगानं न्हाई गेलं हे. बोल्ट आधी सुटलाय. कुणी बसवला हुता?”

कुणी बसवला होता, हे मला ठाऊक होते. 1973 च्या पावसाळ्यात आबांनी ते इंजिन स्वतः उघडून जोडले होते. मी कंदील धरून उभा होतो.

त्या रात्री बोल्ट आबांपुढे ठेवायचा की खिशातच राहू द्यायचा, यावर मी बराच वेळ घालवला. या वयात माणसाला त्याची चूक दाखवून काय मिळवायचे? पण मिरजेला दुसरा एक म्हातारा दुसऱ्याची चूक पन्नास वर्षे वाहत होता. मी दोन्ही बोल्ट ताटलीत घालून आबांपुढे ठेवले.

त्यांनी चष्मा लावला. नखाने आटे मोजले. पुन्हा मोजले. मग म्हणाले, “सकाळी मिरजेची पहिली बस किती वाजता?”

मी बरोबर गेलो. काकांनी दार उघडले. आबांनी काही न बोलता बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “हा मी बसवलेला. चुकीचा.” काका बराच वेळ तो बोल्ट बघत राहिले. “दादा,” ते म्हणाले, “मी चाळीसच्या वर नेलीच नव्हती रे.” “माहीत आहे,” आबा म्हणाले. “आता माहीत आहे.”

इंजिन उभे राहायला आणखी दीड वर्ष लागले. गेल्या दसऱ्याला मुलीने गाडीला झेंडूची माळ घातली. अँबॅसडरचे इंजिन शेडमध्ये लाकडी घोडीवर ठेवले आहे; त्यालाही तिने हळदकुंकू वाहिले. गाडीत जागा दोनच. चाक काकांच्या हाती, शेजारी आबा. आम्ही सगळे दारात उभे. गाडी रंकाळ्याच्या दिशेने वळेपर्यंत आबांचा आवाज ऐकू येत होता: “अरे, जरा हाण की!”