कुलूपबंद कपाटातलं औषध

2011 च्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात आठ दिवस काढले. नाव सांगण्यात अर्थ नाही. बायकांच्या वॉर्डात खाटा तीस, पेशंट चाळीसच्या वर, काहींच्या गाद्या जमिनीवर आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती बिचारी रात्रभर टेकत नसे.

शेजारच्या खाटेवर चाळिशीतली एक शेतमजूर बाई होती. मशेरीनं गालात कॅन्सर झालेला. आम्हा दोघींच्याही केसपेपरवर दुखण्याच्या इंजेक्शनपुढे 'एसओएस' असं लिहिलेलं, म्हणजे गरज पडली तर द्या. पण गरज पडली हे सांगायचं कुणी? माझा आवाज वर्गात कमावलेला. मी हाक मारली की "काकू, जरा सोसा, आलेच" असं म्हणत सिस्टर खरंच यायची. ती बाई मात्र तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळायची. एकदा सिस्टर तिच्याकडे वळली तर म्हणाली, "आधी बाईंना द्या, त्यांचं ताजं हाय." मी घेतलं. नाही म्हणाले नाही.

डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "मॉर्फिनच्या गोळ्या लागतील, आमच्याकडे परवाना नाही. मुंबईला टाटामध्ये न्या." तो नुसता मान हलवत उभा राहिला.

शाळेत इतिहास शिकवताना अफू म्हणजे चीनचं युद्ध, एवढंच मी मुलांना सांगत आले. 1839, दोन मार्कांचा प्रश्न! घरी आल्यावर थोडं वाचलं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या व्यापारात मोठे झालेल्यांपैकी एक जमशेटजी जीजीभॉय, आणि त्यांच्याच देणगीतून 1845 साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. अफूच्या पैशातून दवाखाना! गंमत म्हणावी की काय म्हणावं...

तोवर जर्मनीत सेर्ट्युर्नरनं अफूपासून मॉर्फिन वेगळं काढल्याला बरीच वर्षं लोटली होती. आपल्याकडे आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, परदेशी निर्यातही होते. मग आमच्या वॉर्डात ती का नव्हती?

उत्तर 1985 सालात आहे. त्या वर्षी अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. हेतू चांगलाच होता. पण शिक्षा इतक्या कडक आणि प्रत्येक राज्याचे नियम इतके वेगळे, की एका औषधासाठी चार-पाच परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. दुकानदारांनी, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 1997 साली सबंध देशात जेमतेम 18 किलो मॉर्फिन वापरलं गेलं, पूर्वीच्या मानानं नव्वद टक्क्यांहून कमी. आणि 1986 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की कॅन्सरच्या वेदनेवर औषध तोंडावाटे आणि घड्याळाच्या काट्यावर द्यावं, रुग्ण विव्हळेपर्यंत थांबू नये. 'एसओएस'च्या अगदी उलट.

त्याच 1986 साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. कालिकतला 1993 पासून डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काम उभारलं. अशा मंडळींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा 2014 मध्ये कायदा सुधारला, 2015 च्या नियमांनी परवाना एकाच खात्याकडे आला. आमच्या वॉर्डाला मात्र तीन-चार वर्षं उशीर झाला.

आठव्या दिवशी मला घरी सोडलं. पॅरासिटामॉलची अर्धी पट्टी उरली होती, ती मी तिच्या उशाशी ठेवली. तिनं ती उचलून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाली, "बाई, पाय जपा."