हवाई बंदूक, स्प्रिंगची : अचूकतेसाठी झालेल्या सुधारणा

दारूच्या स्फोटाऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा फेकणाऱ्या शस्त्रास हवाई बंदूक म्हणतात. तिच्या अनेक प्रकारांपैकी स्प्रिंगचा प्रकार स्वस्त व टिकाऊ असल्याने सर्वांत परिचित आहे. जत्रेतील फुगे फोडण्याच्या दुकानात महाराष्ट्रातील बहुतेकांनी ती एकदा तरी हाती घेतलेली असते. तेथे नेम चुकला, की दोष बंदुकीस देण्याची रीत आहे आणि ती सर्वस्वी चुकीची नाही.

या बंदुकीत हवा साठवून ठेवलेली नसते. नळी बिजागरीवर मोडून किंवा नळीखालील तरफ ओढून एक जाड स्प्रिंग दाबली जाते व तिच्यासह मागे सरलेला दट्ट्या खिटीत अडकतो. चाप ओढताच दट्ट्या सुटतो, सिलिंडरातील हवा एका अरुंद छिद्राकडे रेटतो आणि ती दाबली जाऊन अतिशय तापते. या हवेने छर्रा नळीतून निघतो. दट्ट्या पुढे धावताना बंदूक मागे सरकते. पुढे हवेच्या उशीवर दट्ट्या अडला, की ती उलट पुढे झेपावते. दारूच्या बंदुकीत गोळी व धक्का यांचा आरंभ एकाच वेळी होतो. येथे छर्रा जागचा हलण्यापूर्वीच बंदूक हललेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीच्या अचूकतेचा सारा इतिहास म्हणजे या दुहेरी धक्क्याशी चाललेला झगडा होय.

दस्त्यात भाता बसविलेल्या बंदुका यूरोपात अठराव्या शतकापूर्वीपासून होत्या. परंतु आजच्या स्वरूपाशी जुळणाऱ्या स्प्रिंगच्या बंदुका १८७० नंतर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्वाकेनबुश आदी कारागिरांनी प्रचारात आणल्या. मिशिगनमधील प्लिमथ येथील पवनचक्क्यांच्या कारखान्याने १८८८ च्या सुमारास पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्यास हवाई बंदूक भेट देण्यास प्रारंभ केला. लवकरच पवनचक्क्या मागे पडल्या व कारखाना ‘डेझी’ या बंदुकीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. जर्मनीत राश्टाट येथे १८९० मध्ये स्थापन झालेली मायर आणि ग्रामेल्श्पाखर ही संस्था ‘डायाना’ या नावाने बंदुका करू लागली. तथापि यांपैकी पुष्कळशा बंदुका खेळण्याच्या पातळीवरच्या होत्या.

गंभीर नेमबाजीचे साधन म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंडमध्ये. बर्मिंगहॅमचा बंदूक-कारागीर लिंकन जेफरीझ याने १९०४ मध्ये एकस्व मिळविलेल्या रचनेत नळी मोडावी लागत नसे. खालील तरफेने स्प्रिंग दाबून छर्रा फिरत्या तोटीतून घातला जाई. नळी व नेमसाधने यांची सापेक्ष जागा त्यामुळे ढळेनाशी झाली. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बीएसए) कंपनीने १९०५ पासून या रचनेच्या बंदुका बनविल्या. पोलादी पत्र्यातील लहानशा छिद्रातून छर्रा गेला, की मागची घंटा वाजावी, अशा सामन्यांसाठी कामगारवस्त्यांतील मद्यगृहांमधून मंडळे निघाली. सर्वसामान्य माणसाने स्वतःच्या बंदुकीची काळजी घेण्याची परंपरा येथूनच सुरू झाली, असे मानण्यास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील उत्पादनावर दोस्त राष्ट्रांनी बंदी घातली. डायानाची यंत्रसामग्री स्कॉटलंडमध्ये गेली व तेथे मिलब्रो कंपनीने त्याच नावाने बंदुका केल्या. १९५० च्या सुमारास बंदी उठल्यावर जर्मन अभियंत्यांनी धक्क्याच्या प्रश्नाला थेट हात घातला. कुर्ट गिस याच्या रचनेत विरुद्ध दिशांना धावणारे दोन दट्टे परस्परांचा धक्का नाहीसा करीत. ओबर्नडॉर्फच्या फाइनव्हेर्कबाऊ या संस्थेने अधिक सोपी तोड काढली : बंदुकीची यंत्रणा दस्त्यावर घसरू दिली. यंत्रणा मागे सरके, पण नेमबाजाचा खांदा व गाल यांना ते जाणवत नसे. १९६६ मध्ये व्हीस्बाडेन येथील जागतिक स्पर्धेत हवाई रायफलीस स्थान मिळाले व १९८४ मध्ये लॉस अँजेल्स येथे ती ऑलिंपिकमध्ये आली. तोपर्यंत स्प्रिंगऐवजी एकदाच दाबून साठविलेल्या हवेच्या रायफली पुढे सरसावल्या होत्या. पुढे टाकीत भरलेल्या हवेच्या रायफलींनी स्प्रिंगला या स्पर्धांतून हद्दपार केले.

साध्या, धक्का देणाऱ्या बंदुकीचा इतिहास मात्र येथे संपला नाही. उलट तिच्या सुधारकामाचा खरा बहर याच सुमारास आला. त्यास एक कायदा कारणीभूत झाला. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनुसार १२ फूट-पौंडांहून (सु. १६ जूल) अधिक ऊर्जेच्या हवाई रायफलीस परवाना आवश्यक ठरला. जोर वाढविण्याची वाट अशी बंद झाल्याने कारागिरांचे लक्ष तोच जोर अधिक शांतपणे व दर वेळी सारखा मिळविण्याकडे वळले. १९८० मध्ये ससेक्समधील मॅगहॅम डाउन येथे मोकळ्या रानात, अज्ञात अंतरांवरील धातूची प्राण्यांची चित्रे पाडण्याची स्पर्धा भरली. या खेळासाठी वायराउख कंपनीच्या एचडब्ल्यू ७७ सारख्या खालच्या तरफेच्या रायफली घेऊन त्या पुन्हा खोलणे, घासणे व जुळविणे हा बर्मिंगहॅम परिसरातील व्हेनम आर्म्ससारख्या कार्यशाळांचा व्यवसाय झाला.

या कामाला शास्त्रीय बैठक दिली ती कार्ड्यू पितापुत्रांनी. बंदूक नायट्रोजनाच्या वातावरणात उडविली असता छऱ्याचा वेग घटतो, असे त्यांना आढळले. म्हणजे सिलिंडरातील वंगणाचा अंश तापलेल्या हवेत जळतो व छऱ्यास त्याचाही हातभार लागतो. म्हणूनच तेल जास्त झालेली बंदूक धूर व मोठा आवाज करून एकेक छर्रा वेगवेगळ्या उंचीवर टाकते. ‘तेल पाजले की बंदूक सुधारते’ ही समजूत या प्रयोगांनी निकालात काढली; ती अद्याप टिकून आहे, ही गोष्ट वेगळी.

सुधारकामातील पहिली कृतीच धोक्याची आहे. न दाबलेल्या बंदुकीतही स्प्रिंग ताणाखाली असते. पकड न लावता मागची टोपी काढल्यास ती माणसास जखमी करते. आत सापडणारे दोष बहुधा सामान्य असतात : स्प्रिंगची टोके वाकडी कापलेली, खाचांचे काठ धारदार, मधला मार्गदर्शक दांडा सैल. सैल दांड्यामुळे स्प्रिंग थरथरते व तारेसारखी झणझणते. टोके सपाट घासून, दांडा घट्ट बसेल असा बदलून आणि घट्ट वंगणाचा पातळ थर देऊन हा आवाज थांबविता येतो. जुने चामड्याचे वायसर जाऊन त्याऐवजी कृत्रिम बहुवारिकांचे आले, त्यामुळे तेलाची गरजही कमी झाली. नवशिके हटकून अधिक लांब स्प्रिंग घालतात. तिने दट्ट्या जोरात आपटतो, उसळतो, दुर्बिणीची आतील भिंगे सैल होतात आणि वेगात मात्र फारशी भर पडत नाही.

दस्त्याचे काम दिसायला सुताराचे, पण परिणामाने यंत्रणेच्या कामाहून कमी नाही. यंत्रणा लाकडात तीन-चार स्क्रूंनी धरलेली असते व दुहेरी धक्क्याने ते सैल होतात. अचानक बिघडलेल्या नेमाचे कारण पुष्कळदा एवढेच निघते. लाकूड चिरडू नये म्हणून स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवितात. दुर्बिणीमुळे डोळा उंच जातो, म्हणून गालाखालचा भाग उंच करतात. लांबी नेमबाजाच्या हातानुसार ठरवितात. कारखाने बहुधा बीच लाकूड वापरतात, तर हौशी नेमबाज अक्रोडास पसंती देतात. दस्ता कितीही उत्तम असला, तरी तो घट्ट आवळून धरल्यास बंदुकीची हालचाल दर वेळी वेगळी होते. हलक्या तळहातावर तिला मोकळेपणी धक्का खाऊ देणे, हेच या बंदुकीचे तंत्र आहे. १९८० नंतर ब्रिटनमध्ये थियोबेन कंपनीने स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूचा दंड वापरला. त्यात झणझण व पीळ नाही, धक्का मात्र राहतोच.

भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच (४.५ मिमी.) व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या हवाई बंदुकांना परवान्यातून सूट आहे. त्यामुळे देशातील बंदुका बहुतेक याच व्यासाच्या आहेत. ठाणे जिल्ह्यातही त्यांचे उत्पादन होते. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या अंजली भागवत किंवा २००८ मधील सुवर्णपदकविजेता अभिनव बिंद्रा यांचा १० मी. रायफलीचा खेळ स्प्रिंगवर चालत नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी या खेळाची पहिली ओळख आजही पुष्कळदा स्प्रिंगच्या बंदुकीनेच होते. जत्रेतील बंदुकीचे वायसर वर्षानुवर्षे बदललेले नसते, स्प्रिंग थकलेली असते व माशी कोणीतरी वाकविलेली असते. चार मीटरांवरील फुग्यास एवढे पुरते.