परांचीचा लेखी आराखडा : औरंगाबाद परिसरातील वास्तूंच्या संदर्भात

उंचावरील बांधकामात कामगाराने कोठे उभे राहावे आणि तो खाली पडू नये म्हणून कोणती तजवीज करावी, हे काम आरंभण्यापूर्वीच लिहून ठेवण्याची रीत अर्वाचीन आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) परिसरातील जुन्या वास्तूंच्या साधनांत द्रव्याचा आणि योजकांचा उल्लेख आढळतो. परांचीचा शोध मात्र वास्तूतच घ्यावा लागतो.

सतराव्या शतकातील बीबी-का-मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला व हंसपत राय ही नावे आहेत. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने वाटेत पाहिल्या; त्यांतील लहानात लहान गाडीलाही १२ बैल होते. दगड औरंगाबादेस कसा आला ते यावरून कळते. तो घुमटापर्यंत कशावर उभे राहून चढविला, ते कळत नाही. आण्यांचा हिशेब राहिला, वासे-दोरांचा राहिला नाही.

दौलताबादचा चांदमिनार (१४४५) सुमारे २१० फूट उंच आहे. त्याचे सज्जे वरच्या मजल्याचे काम करताना उभे राहण्यास उपयोगी पडले असावेत.

वेरूळच्या कैलास लेण्याची गोष्ट निराळी. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, तिन्ही बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा केला गेला व शिखरापासून खाली कोरीत येण्यात आले. न कोरलेला खडक हाच कारागिराचा ओटा होता. काम उतरेल तसा ओटाही उतरत गेला. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्याची कथा आहे. शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे राणीचे व्रत होते, म्हणून त्याने मंदिर वरून कोरावयास घेतले. कथेतले कारण धार्मिक असले तरी तिने सांगितलेला क्रम शिल्पाशी जुळतो. मात्र यामुळे धोका नाहीसा झाला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मागील बाजूस चराची खोली शंभर फुटांहून अधिक आहे. काठावरून तोल जाणे आणि वरून निखळलेला दगड खालच्या माणसावर येणे ही भये होतीच. शिवाय कोरीव कामावर पुढे चुन्याचा लेप देण्यात आला, त्या वेळी परांची टाळता आली नसणार.

स्वतंत्र भारतात या विषयाला कायद्याचे स्वरूप आले ते इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ या कायद्याने. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर सुरक्षा व आरोग्य यांविषयीचे धोरण लेखी मांडण्याचे बंधन घातले. परांची उभारणे, तीत फेरफार करणे व ती उतरविणे ही कामे जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावीत, असेही त्यांत सांगितले होते. मकबऱ्याच्या लेखात वास्तूचे योजक नोंदले गेले होते. या नियमांमुळे परांचीलाही उत्तरदायी माणूस मिळाला.