एका मताची किंमत

अमेरिकेच्या राजकारणाबद्दल आपल्या डोक्यात एक साधं गणित बसलेलं असतं. डेमोक्रॅट म्हणजे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने, रिपब्लिकन म्हणजे विरोधात. माझ्याही डोक्यात तेच होतं. मग न्यूयॉर्क राज्याच्या १९७० सालच्या कायद्याबद्दल वाचायला घेतलं आणि दोन शनिवार त्यातच गेले. कारण तिथे बिलासाठी झटणारी बाई रिपब्लिकन, सही करणारा गव्हर्नर रिपब्लिकन, आणि ज्याची कारकीर्द यापायी संपली तो माणूस डेमोक्रॅट. त्याला संपवलं कोणी, तर त्याच्याच पक्षाने!

त्या माणसाचं नाव जॉर्ज मायकल्स. ऑबर्न गावचा वकील. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला मॅनहॅटन आठवतं, पण ऑबर्न तिथून खूप लांब, राज्याच्या वरच्या भागात. मायकल्स स्वतः ज्यू, मतदारसंघात मात्र कॅथलिक भरपूर. त्याला स्वतःला जुना कायदा बदलायला हवा असं वाटत होतं. तो कायदा एकोणिसाव्या शतकातला, आईचा जीव वाचवायचा असेल तरच गर्भपाताला परवानगी देणारा. पण पक्षाच्या स्थानिक समितीने त्याला बजावलं होतं की विरोधात मत दे, आणि त्याने ते मान्यही केलं होतं. आपल्या मताविरुद्ध, पण दिलेल्या शब्दाप्रमाणे.

बिल होतं कॉन्स्टन्स कुक आणि फ्रान्झ लाइक्टर या दोघांचं. कुक रिपब्लिकन, इथाकाच्या, असेंब्लीतल्या मोजक्या बायकांपैकी एक. लाइक्टर डेमोक्रॅट, मॅनहॅटनचा. सिनेटमध्ये १८ मार्चला ३१ विरुद्ध २६ असं पास झालं. असेंब्लीत खरी गंमत. तिथे जागा १५०, आणि बिल पास व्हायला हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण जागांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे ७६ मतं लागतात. ३० मार्चला बाजूने ७३, विरोधात ७१. म्हणजे जास्त मतं मिळूनही बिल पडलं! मायकल्स विरोधात.

९ एप्रिलला पुन्हा मतदान. एकेकाचं नाव पुकारत गेले, मायकल्सने परत विरोधात मत दिलं. शेवटी बेरीज ७४-७४. म्हणजे पुन्हा पडलं. सभापतींचं मत धरलं तरी ७५ च होत होती. निकाल जाहीर व्हायच्या आधी मायकल्स उठला. हात थरथरत होते म्हणतात, डोळ्यांत पाणी होतं. घरी मुलांनी त्याला आधीच्या मतावरून कडक सुनावलेलं होतं, ते त्याने भर सभागृहात सांगितलं. आणि मग म्हणाला की माझी राजकीय कारकीर्द मी इथे संपवतोय हे मला माहीत आहे, पण माझ्या मतामुळे हे बिल पडलं असं मला होऊ द्यायचं नाही, माझं मत बदलून घ्या. झाली ७५. सभापती पेरी ड्युरिया (हेही रिपब्लिकन) यांनी आपलं मत घालून ७६ केली. दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरने सही केली. २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात, आणि त्या राज्याचं रहिवासी असायचीही अट नाही. १ जुलैला कायदा लागू झाला आणि बाहेरच्या राज्यांतून बायका न्यूयॉर्कला यायला लागल्या.

मायकल्सचं काय झालं? पक्षाने पाठिंबा काढला. जूनमध्ये तो डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरला, नंतर लिबरल पार्टीच्या तिकिटावर उभा राहिला, तिथेही हरला. विषय संपला.

आता मला इथे थोडं अडकायला होतं. त्याला हीरो म्हणणं सोपं आहे. पण समितीची बाजूही बघायला हवी राव. माणूस शब्द देतो, दोनदा पाळतो, आणि ऐन वेळी फिरवतो. आपल्या ऑफिसात कोणी असं केलं तर आपण काय म्हणू? माझं मत सांगतो. शब्द मोडला तो मोडलाच, त्याला दुसरं नाव देऊ नये. पण त्याने किंमत उचलली, तीही स्वतःच्या खिशातून आणि आधी मोठ्याने सांगून. मंत्रिपद मिळतं म्हणून पलटी मारणाऱ्यांच्या रांगेत मी त्याला उभा करणार नाही.

आपल्याकडे असं होऊ शकलं असतं का? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी किंवा खासदारकीच जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचली. घाऊक पक्षांतर त्या कायद्याने किती थांबलं हे आपण बघतोच आहोत, पण एकट्या मायकल्सची मात्र त्याने पक्की सोय लावली. असो. गर्भपाताच्या कायद्यावर आपल्याकडे पक्षांची अशी झुंज झालीच नाही. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती बसली, १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला. अर्थात त्यात बाईच्या हक्काची भाषा नव्हतीच. चिंता होती असुरक्षित गर्भपातांची आणि लोकसंख्येची, आणि निर्णय डॉक्टरच्या हातात.

परत अमेरिकेत येऊ. तेव्हा पक्षांची वाटणी अशी उलटसुलट का होती? कारण आयरिश, इटालियन कॅथलिक मतदार पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे. चर्चचा विरोध त्या पक्षाच्या पोटातच होता. रिपब्लिकनांमध्ये रॉकफेलरसारखे सुखवस्तू प्रोटेस्टंट बरेच. कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या बिलावर सही कोणाची, तर रोनाल्ड रीगनची! १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने हा नवा कायदा रद्द करायचं बिल पास केलं तेव्हा अध्यक्ष निक्सनने कार्डिनल कुक यांना पत्र लिहून पाठिंबा दिला (आडनाव सारखं दिसतं, पण बिलवाल्या कुकबाईंशी संबंध नाही). आणि रॉकफेलरने त्याच बिलावर व्हेटो वापरला. एकाच पक्षाचे दोघं. निक्सनला कॅथलिक मतं ओढायची होती.

१९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल आला आणि पुढच्या काही वर्षांत सगळी फेरवाटणी झाली. १९८० च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यात गर्भपाताविरुद्ध घटनादुरुस्तीची मागणी होती, आणि उमेदवार तोच रीगन. १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा डेमोक्रॅट गव्हर्नर बॉब केसी गर्भपाताच्या विरोधातला होता, त्याला पक्षाच्या अधिवेशनात बोलायलाच मिळालं नाही. २०२० मध्ये इलिनॉयचा डॅन लिपिन्स्की डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरला. त्यात मोठं कारण त्याचा गर्भपाताला विरोध. पक्ष तोच, प्रायमरी तीच, ५० वर्षांत फक्त चिन्ह बदललं, अधिकचं उणे झालं.

मतदार मात्र नेत्यांइतके सरळ रेषेत चालत नाहीत. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रो निकाल रद्द केला, आणि दोनच महिन्यांत रिपब्लिकन बालेकिल्ला कॅन्ससमध्ये राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढायचा प्रस्ताव साधारण ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी लोकांनी फेटाळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसुरीने एकाच दिवशी ट्रम्पला दणदणीत मतं दिली आणि गर्भपाताचा हक्क घटनेत घालायची दुरुस्तीही काठावर पास केली. म्हणजे एकाच मतपत्रिकेवर दोन्हीकडे खूण करून घरी गेलेली हजारो माणसं तिथे आहेत. २०२५ मध्ये तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने ती दुरुस्ती रद्द करण्यासाठी लोकांचं पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं.