गुहा नव्हे, घर : पावसासाठी कोरलेल्या लेण्यांची गोष्ट

१/
मंचरहून नारायणगावमार्गे जुन्नर गाठले की भोवतालच्या कड्यांत काळ्या चौकटी दिसू लागतात. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री अशा गटांत मिळून येथे दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांना सर्रास ‘गुहा’ म्हटले जाते. वस्तुतः त्यांतील बहुतेक घरे आहेत, आणि ती घडवताना पावसाचा बारकाईने विचार झालेला आहे.

२/
बौद्ध भिक्खूंचे आयुष्य फिरतीचे. पावसाळ्यातील तीन महिने मात्र एकाच ठिकाणी राहण्याचा नियम, म्हणजे वर्षावास. कोकण किनारा आणि सह्याद्री येथे पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. मग कोंडून न घेता आणि भिजतही न राहता हे महिने काढायचे कसे?

३/
याचे उत्तर किनाऱ्यालगत कान्हेरीला स्पष्ट दिसते. आजच्या बोरिवलीजवळच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरे येथून दूर नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत येथे वस्ती नांदती होती.

४/
कान्हेरीच्या साध्या लेण्याची रचना पाहावी. पुढे लहान अंगण, चार पायऱ्या, खांबांची ओसरी, तिच्यामागे दालन आणि सर्वांत आत झोपण्याची खोली. खोली अंधारी व अरुंद, ओसरी मात्र मोकळी. तेथे भिंतीलगत कातळातच बाक कोरलेले. निजायचे आत, पण दिवस काढायचा पाऊस पाहत, ओसरीवर.

५/
अंगणाच्या कडेला पोढी, म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. डोंगरउतारावर कोरलेले चर पावसाचे पाणी टाक्यांकडे वळवतात. काही लेण्यांपुढे कातळात खाचा आहेत. लाकडी वासे रोवून पुढे छप्पर काढण्याची ती सोय असावी. म्हणजे पाऊस अडवायचाही आणि साठवायचाही.

६/
खरी मौज शिलालेखांत आहे. कान्हेरीच्या दानलेखांत लेण्यासोबत पोढी, बसण्याची आसने आणि फेऱ्या मारण्याची वाट यांचीही दान म्हणून नोंद सापडते. घराबाहेरचा हा पसारा दात्यांच्या लेखी शोभेचा नव्हता. तो घराचाच भाग होता.

७/
हीच दृष्टी घाट चढून जुन्नरला पोहोचते. कोकण आणि जुन्नर यांना जोडणारी वाट म्हणजे नाणेघाट. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या लेखात इरिल नावाच्या यवनाचे दान नोंदले आहे. त्याने खोली दिली नाही, मूर्तीही दिली नाही. त्याने दिल्या दोन पोढ्या.

८/
लेण्याद्रीला आज जेथे गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, तो मुळात विहारच. आत एकही खांब नसलेले प्रशस्त दालन, तिन्ही बाजूंना निवासाच्या खोल्या आणि पुढे खांबांची ओसरी. ओसरीत उभे राहिले की कुकडीचे खोरे समोर पसरते. भाविकांची पावले येथे आपोआप थबकतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ओसरी ठेवली, ती अशाच थबकण्यासाठी.

९/
‘गुहा’ या शब्दाने नेमके हेच हरवते. गुहा म्हटले की नजर आतल्या अंधाराकडे जाते, आणि बाहेरची पोढी, बाक, चर कुणाच्या खिजगणतीत राहत नाहीत. म्हणून अनेक टाक्यांत आज गाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या साचतात, आणि बाकांवर नावे कोरली जातात.

१०/
पुढच्या वेळी लेणे पाहताना आधी आत शिरू नये. ओसरीच्या बाकावर बसावे, पाणी कोठून येते आणि कोठे साठते ते शोधावे. इरिलने दिलेल्या टाक्यात बाटली टाकणे म्हणजे कुणाच्या तरी घरातील माठात कचरा टाकणे होय.