वाळवी : घराची तपासणी व बंदोबस्त (पिंगळी, जि. परभणी)

वाळवी (उधई) हा समूहाने राहणारा, लाकूड व इतर वनस्पतिजन्य पदार्थ खाणारा कीटक. परभणी–पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीत आणि भोवतालच्या काळ्या मातीच्या गावांत घराला लागते ती मुख्यतः जमिनीतली वाळवी. तिची राणी व वसाहत मातीत असते. चौकटीवर दिसतात ते फक्त अन्नासाठी वर आलेले कामकरी. त्यामुळे दिसली तिथे फवारा मारून वाळवी जात नाही. चार दिवसांनी ती दुसऱ्या कोपऱ्यातून वर येते.

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे तिला विशेष सोयीची. सागवानी तुळयांची टोके मातीच्या भिंतीत रुतलेली असतात, वर किलच आणि मातीचा जाड थर असतो. भिंतीच्या आतून चढलेली वाळवी तुळईच्या टोकापर्यंत पोचते आणि बाहेरून महिनोन्‌महिने काहीच कळत नाही. सागाचे पक्के लाकूड बराच काळ टिकते. कडेचे पांढरे लाकूड आधी जाते. स्लॅबचे घरही सुरक्षित नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जोत्याशी फट पडते आणि तेवढ्या वाटेने वाळवी चौकटी, कपाटे, वायरिंगच्या लाकडी पट्ट्या गाठते. भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि सरपण म्हणजे तर तिला घरापर्यंत आणून सोडणे होय. त्या भिंतीपासून लांब, दगडांवर रचाव्यात. मोरी व न्हाणीचे पाणी जोत्याशी मुरू देऊ नये. एवढ्याने निम्मे काम होते, आणि त्याला खर्च नाही.

तपासणी वर्षातून दोनदा करावी: पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत. जोत्यावर, चौकटीच्या बुडाशी, कपाटामागे मातीची बारीक नळी दिसते का ते बॅटरीने पाहावे. दिसली तर बोटभर तुकडा मोडावा. आत पांढरट, मऊ कामकरी पळताना दिसतील. नळी रिकामी असेल तर खूण करून ठेवावी. काही दिवसांत मोडलेला भाग ओल्या मातीने पुन्हा लिंपला गेला तर वाट चालू आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट वरून खाली ठोकत जावी. आवाज पोकळ आला तिथे टोक दाबले की रंगाचा पापुद्रा आत जातो. तुळईचे भिंतीत शिरणारे टोक न चुकता पाहावे, कारण छत तिथेच खचते. लाकडाखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिचा उपाय मातीत नसून त्या लाकडातच करावा लागतो.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणाऱ्या पाखरांवरूनही अंदाज येतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे मागचे पंख आखूड, कंबर बारीक. घरातल्याच फटीतून पाखरे निघत असतील किंवा खिडकीखाली गळलेल्या पंखांचा थर सापडला, तर लगेच तपासणी करावी.

बंदोबस्ताची पद्धत भारतीय मानक 6313 मध्ये दिली आहे. तिचे तीन भाग आहेत: बांधकामातील उपाय, बांधकामापूर्वीची प्रक्रिया आणि उभ्या घरासाठीची प्रक्रिया. बांधकामापूर्वी पायाच्या खड्ड्यात व जोत्याच्या भरावावर औषध देणे सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. बहुतेक घरमालक नेमके तेच टाळतात. उभ्या घरात फरशी व भिंत मिळतात त्या रेषेने साधारण 300 मिमी अंतरावर 12 मिमी व्यासाची भोके पाडून, प्रत्येकात जास्तीत जास्त 1 लिटर द्रावण दाबाने सोडतात आणि भोके बुजवतात. बाहेरून जोत्यालगतची मातीही भिजवतात. क्लोरपायरिफॉस 20 टक्के असेल तर 1 भागाला 19 भाग पाणी, म्हणजे 1 टक्क्याचे द्रावण. इमिडाक्लोप्रिडचे 0.075 टक्के द्रावण वापरतात. त्याचा वास वाळवीला जाणवत नाही, त्यामुळे ती त्यातून ये-जा करते आणि विष वसाहतीपर्यंत नेते. म्हणून राहत्या घरासाठी तेच निवडावे. शिवाय क्लोरपायरिफॉस 2025 मध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आहे. जुन्या पिढीला माहीत असलेली आल्ड्रिन व क्लोरडेन भारतात बंद आहेत. जळके ऑईल चोपडल्याने खांबाचा फक्त वरचा भाग वाचतो.

शेतात फवारायचे औषध अंदाजाने घरात ओतू नये. विहीर, आड किंवा हातपंप जवळ असेल तर काम करणाऱ्याला आधी दाखवावा. धान्याची कोठी, पाण्याचे रांजण आणि लहान मुले बाहेर काढूनच काम सुरू करावे. कीटकनाशी अधिनियम, 1968 खाली व्यावसायिक कीडनियंत्रकाला परवाना लागतो. तो पाहावा आणि औषधाचे नाव, प्रमाण व हमीची मुदत कागदावर लिहून घ्यावी. किडीची ओळख पटत नसेल, तर नमुना बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात विचारावे, आणि औषधाचे पैसे त्यानंतरच द्यावेत.